हौशी चित्रकारांच्या मंडळात नवख्याने जावं का? तिथल्या कार्यशाळांचा खरंच उपयोग होतो का?

तुम्ही लिहिलंय की चित्रकला रीतसर शिकलेली नाही, घरी वहीत काढत असता. जवळच्या हौशी कलामंडळाचं वर्षभराच्या कार्यक्रमांचं पत्रक हाती आलंय, पण तिथे सगळे सरावलेल्या हाताचे असतील, आपलं चित्र पाहून काय म्हणतील, या विचाराने पाऊल उचलत नाही.

अवश्य जा. मी अशाच एका मंडळात बरीच वर्षं आहे, कार्यशाळांना बसले आहे आणि काही घेतल्याही आहेत. त्यावरून एवढंच सांगेन की पत्रकात जो कार्यक्रम सगळ्यांत साधा दिसतो, तिथून सुरुवात करा. नावाजलेल्या चित्रकाराचं प्रात्यक्षिक, दोन दिवसांची कार्यशाळा हे सगळं नंतर. आधी जिथे नुसतं 'सराव बैठक' किंवा 'एकत्र रेखांकन' लिहिलंय तिथे जाऊन बसा. घरी कितीही व्हिडिओ पाहिले तरी जे मिळत नाही ते तिथे मिळतं: एकच गोष्ट एकाच वेळी अनेकांनी काढलेली, शेजारी शेजारी ठेवून बघायला मिळते.

अशा बैठकीत मधोमध मॉडेल बसलेलं असतं, नाहीतर टेबलावर वस्तूंची मांडणी असते. मॉडेल असेल तर सुरुवातीच्या पोझ एकेक, दोन-दोन मिनिटांच्या असतात, मग पाच, दहा आणि शेवटी वीस मिनिटांची किंवा त्याहून मोठी. नवख्याला एक मिनिट म्हणजे काहीच वाटत नाही, नाक काढेपर्यंत वेळ संपते. पण नाक काढायचंच नसतं. वजन कोणत्या पायावर आहे, खांदे कुठे कललेत आणि कंबर त्यांच्या उलट कशी कललीय, एवढंच पकडायचं. माणूस एका पायावर भार देऊन उभा राहिला की त्या बाजूचं कमरेचं हाड वर जातं आणि त्याच बाजूचा खांदा सहसा खाली येतो. हे एकदा डोळ्यांना दिसायला लागलं की तुमच्या चित्रातली माणसं ताठ, खांबासारखी उभी राहणं थांबतं. मोठ्या पोझमध्ये मॉडेलला अधूनमधून विश्रांती देतात, म्हणून पाय कुठे होते ते जमिनीवर चिकटपट्टीने आखून ठेवतात. मॉडेलचा फोटो काढायचा नाही, हा नियम मात्र कोणी न सांगताही पाळायचा. मॉडेल कपड्यांत असणार की विवस्त्र, हे आधी विचारून घ्या. त्यात संकोचण्यासारखं काही नाही, संयोजकांना हा प्रश्न नेहमीचा असतो.

बैठक संपली की सगळ्यांची चित्रं जमिनीवर किंवा भिंतीला टेकवून मांडतात. या थोड्या वेळासाठी मी आजही जाते. एकाच पोझवरची दहा-बारा चित्रं समोर असली की काही गोष्टी आपोआप उघड होतात. निम्म्या लोकांनी डोकं मोठं काढलेलं असतं, कारण चेहऱ्याकडे लक्ष जास्त जातं. काहींचे पाय कागदाबाहेर गेलेले असतात, कारण वरून सुरुवात करून खाली येताना जागा पुरली नाही. एखाद्याने माणूस छोटासा काढून भोवतीची रिकामी जागाच बोलकी केलेली असते. घरी एकट्याने काढताना आपण जसं काढलं तसंच ते काढता येतं असं वाटत राहतं. इथे कळतं की प्रत्येक रेघेला दुसरा पर्याय होता. तुमच्या शेजारी बसलेल्याची रेघ तुमच्यापेक्षा सफाईदार असेलही, पण त्याने काय सोडून दिलं ते बघा, शिकायचं तिथे असतं.

आता प्रात्यक्षिकांविषयी. एखादा तयार चित्रकार दीड-दोन तासांत कोऱ्या कागदावर पूर्ण चित्र उभं करतो, ते बघण्याचा आनंद मोठा आहे आणि तो जरूर घ्यावा. मात्र बघून हात तयार होत नाही. उपयोग करून घ्यायचा असेल तर ब्रश कागदावर असताना नाही, ब्रश वर उचललेला असताना चित्रकार काय करतो ते बघा. जलरंगाचं प्रात्यक्षिक असेल तर अगदी समोर न बसता थोडं बाजूला, अशा ठिकाणी बसा की कागदावर पडलेला प्रकाश तिरका दिसेल. कागद पुरता ओला असतो तेव्हा त्यावर झगझगीत चमक असते आणि त्या वेळी लावलेला रंग कुठेही वाहत जातो. मग चमक मंदावते, पाणी कागदात मुरू लागतं. तेव्हा जरा घट्ट रंगाचा ब्रश टेकवला तर कडा मऊ राहतात आणि आकार जागचा हलत नाही. ढग, धुकं, लांबची झाडं यासाठी हाच क्षण हवा असतो. त्यानंतर चमक गेलेली असते, पण हाताची मागची बाजू टेकवली तर कागद गार लागतो. या टप्प्यावर पाण्याने भरलेला ब्रश लावला की नवं पाणी आधीचा रंग ढकलत नेतं आणि दातेरी कडांचा डाग फुलतो. मुरलेला चित्रकार त्या वेळी हात मागे घेऊन नुसता थांबतो. कॅमेरा बहुतेक वेळा कागदाच्या बरोबर वर लावलेला असतो, म्हणून व्हिडिओत ती चमक नीट कळत नाही. प्रात्यक्षिकाला प्रत्यक्ष जायचं ते त्यासाठी.

कार्यशाळांचा उपयोग होतो का, याचं उत्तर विषय किती नेमका आहे यावर ठरतं. 'एका दिवसात व्यक्तिचित्र शिका' अशी कार्यशाळा मी सहसा सुचवत नाही. तिथे दिवसाच्या शेवटी शिक्षकाच्या चित्राची नक्कल हातात येते, आणि घरी दुसरा चेहरा समोर आला की पुन्हा पाटी कोरी. त्याऐवजी विषय चिमुकला असलेली निवडा: फक्त कडा, फक्त छायाप्रकाशाच्या तीन पातळ्या, फक्त मर्यादित रंग. मला सगळ्यांत आवडती कार्यशाळा म्हणजे स्वीडनचे चित्रकार आंदर्स झोर्न (१८६०–१९२०) यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चार रंगांची. यलो ऑकर (मातकट पिवळा), व्हर्मिलियन (शेंदरी लाल), आयव्हरी ब्लॅक (काळा) आणि पांढरा, बस्स. व्हर्मिलियनच्या जागी आता बहुधा कॅडमियम रेड घेतात. यात निळा रंगच नाही, म्हणून लोक आधी बिचकतात. मग काळ्यात पांढरा मिसळून तयार झालेला राखाडी रंग ते ऑकर आणि लालाच्या मिश्रणाशेजारी लावतात आणि तो चक्क निळसर दिसू लागतो. काळ्यात ऑकर घातला की हिरवट छटा मिळते. रंग शेजाऱ्यामुळे बदलतो हे वाक्य सगळ्यांनी ऐकलेलं असतं, पण स्वतःच्या पॅलेटवर ते घडताना बघितलेला माणूस नंतर ट्यूबमागून ट्यूब घेत सुटत नाही.

नाव नोंदवण्याआधी संयोजकांना एवढं विचारा: दिवसातला किती वेळ आपण स्वतः काम करणार, आणि एका शिक्षकामागे किती जण असतील? निम्म्याहून जास्त वेळ बघण्यात जाणार असेल तर ते प्रात्यक्षिकच आहे, नाव कार्यशाळा असलं तरी. तैलरंगाची असेल तर खोलीत हवा खेळती आहे ना, हेही विचारा. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून टाकला तर तेल वाळताना त्यात उष्णता साठते आणि तो आपोआप पेटू शकतो. म्हणून जबाबदार मंडळात अशा चिंध्यांसाठी पाणी घातलेला, झाकणाचा धातूचा डबा ठेवलेला असतो. तो दिसला की मला त्या मंडळाविषयी आपसूक विश्वास वाटतो.

बाहेर जाऊन निसर्गचित्रण करायच्या सहलीही पत्रकात असतील. आज रंग घेऊन सहज बाहेर पडता येतं त्यामागे जॉन गॉफ रँड यांनी १८४१ मध्ये पेटंट घेतलेली दाबून रंग काढायची धातूची ट्यूब आहे; त्याआधी तयार तैलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत भरून न्यावा लागे. बाहेर काढताना सावल्या आधी पक्क्या करा आणि नंतर त्यांना हात लावू नका. सूर्य आकाशात तासाला १५ अंश सरकतो, म्हणजे दोन तासांत चित्राचा अर्धा भाग सकाळचा आणि अर्धा दुपारचा व्हायला वेळ लागत नाही.

आता तुमची भीती. चित्रचर्चेत सगळ्यांसमोर आपलं चित्र ठेवायचं म्हणजे पोटात गोळा येतो, हे मी फार जणांच्या चेहऱ्यावर बघितलंय. चर्चा चांगली चालवली जात असेल तर ती अशी असते: ज्याचं चित्र आहे तो गप्प राहतो, बाकीचे आधी फक्त काय दिसतं ते सांगतात. नजर पहिल्यांदा कुठे गेली, मग कुठे, कुठे अडली. आवडलं की नाही हे नंतर. मग चित्रकार स्वतः विचारतो, 'मला हे घर मागे ढकलायचं होतं, ते का जात नाहीये?' इतका नेमका प्रश्न विचारला की उत्तरही नेमकं मिळतं: घराच्या कडा पुढच्या झाडाइतक्याच धारदार आहेत, रंगही तितकाच गडद आहे. चित्र उलटं करून किंवा आरशात बघितलं की तोल कुठे बिघडलाय ते चटकन दिसतं, आणि डोळे किलकिले केले की गडद-फिक्याचा हिशोब कळतो. पहिल्यांदा जाताना चित्र नाही नेलं तरी चालतं, नुसतं ऐका. मात्र दोन प्रकारच्या चर्चांपासून सावध राहा. एक, जिथे प्रत्येक चित्राला 'छान' म्हणून पुढे सरकतात. दुसरी, जिथे कोणीतरी ज्येष्ठ ब्रश घेऊन तुमच्याच कागदावर दुरुस्ती करायला लागतात. हेतू चांगला असतो, तरी तिथे नम्रपणे म्हणायचं, 'कृपया वेगळ्या कागदावर दाखवाल का?' तुमच्या चित्रावरची चूकसुद्धा तुमची राहू द्या, ती तुम्हाला पुढच्या वेळी उपयोगी पडणार आहे.

वार्षिक प्रदर्शनात पहिल्याच वर्षी चित्र द्यावं असा आग्रह मी धरणार नाही, पण चित्रं टांगायच्या दिवशी मदतीला जरूर जा. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ सेंटीमीटरवर का घेतात, एका भडक चित्राने शेजारची दोन कशी फिकी पडतात, हे तिथे हाताने करताना कळतं. चित्र द्यायची वेळ आली की नियम नीट वाचा. कार्यशाळेत शिक्षकाच्या मार्गदर्शनाखाली केलेलं किंवा दुसऱ्याच्या फोटोवरून काढलेलं चित्र बरीच मंडळं घेत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

सामानाची लांबलचक यादी बघून घाबरू नका. सराव बैठकीला एक २बी आणि एक ६बी पेन्सिल, साध्या कागदाचं ए३ आकाराचं पॅड आणि ते टेकवायला कडक पुठ्ठा पुरतो. पॅड मोठं अशासाठी की छोट्या कागदावर फक्त बोटं हलतात, मोठ्यावर खांद्यापासून हात फिरतो. जलरंगाकडे वळलात तर ब्रश आणि रंगांच्या आधी कागदावर खर्च करा: ३०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, जाड), सुती लगद्याचा. त्याहून पातळ कागद पाण्याने फुगतो, खळग्यांत रंग साचतो, आणि दोष आपल्या हाताचा वाटतो. रंग घेताना ट्यूबवरचा रंगद्रव्याचा क्रमांक बघायची सवय लावा. अलिझरिन क्रिमझन हा सुंदर लाल रंग पीआर ८३ या द्रव्याचा असेल तर प्रकाशात उडतो. त्या जागी पीव्ही १९ क्रमांकाचा क्विनॅक्रिडोन रोझ घेतला तर बरंच टिकतं. मंडळात अशा गोष्टी तोंडपाठ असलेलं कोणीतरी हमखास असतं. पहिल्या दिवशी त्यांच्याच शेजारची जागा मिळते का बघा.