विदर्भातल्या उन्हाळ्यात प्रोसेसरसाठी हवा-पाणी असा हायब्रिड कूलर घ्यावा का?

तुम्ही घाटंजीजवळच्या गावात लग्नाचे व्हिडिओ एडिट करता. तुमचा रायझेन ७ ७७००एक्स प्रोसेसर मे महिन्यात ९५ अंशांवर जातो, मशीन रेंगाळते, म्हणून हायब्रिड कूलर, म्हणजे प्रोसेसरवर पाणी खेळवणारा आणि सोबत पंख्याने आजूबाजूलाही वारा देणारा कूलर, घेऊ का असं विचारता. मी हिंगणघाटकडे कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो. माझं म्हणणं, आत्ता घेऊ नका.

आधी एक गोष्ट. ९५ अंश ही एएमडीनेच या चिपला घालून दिलेली मर्यादा आहे. तिथे पोचल्यावर ती आपला वेग उतरवते, जळत नाही.

कूलर हवेचा असो की पाण्याचा, उष्णता शेवटी खोलीतल्या हवेतच सोडतो. समजा लोडवर, म्हणजे जोराचं काम चालू असताना, प्रोसेसर खोलीपेक्षा ४५ अंश वर राहतो. २५ अंशांच्या खोलीत तो ७० वर असेल, टिनाखालच्या ४३ अंशांच्या खोलीत ८८ वर. एसीत बसून केलेल्या चाचण्यांचे आकडे आपल्याकडे जुळत नाहीत ते यामुळेच.

पाणी तापायला वेळ लागतो, त्यामुळे थोड्या मिनिटांचा लोड ते सहज झेलतं. लांबलचक एक्सपोर्टमध्ये मात्र पाणी तापून जातं आणि मग सगळं रेडिएटरवर, म्हणजे पाणी गार करणाऱ्या पात्यांच्या जाळीवर येतं. शिवाय टॉवर कूलरचा (पात्यांचा उभा मनोरा असलेल्या हवेच्या कूलरचा) पंखा प्रोसेसरच्या सॉकेटच्या आजूबाजूलाही वारा देतो. नुसता पाण्याचा ब्लॉक बसवला की तो वारा जातो आणि मदरबोर्डचे व्हीआरएम, म्हणजे प्रोसेसरला वीज पुरवणारे भाग, तापतात. हायब्रिडचा खरा उपयोग इथे आहे. आर्क्टिक कंपनीच्या लिक्विड फ्रीझर २ या कूलरमध्ये पंपावर छोटा पंखा दिलाय तो याचसाठी. डेटा सेंटरमध्येही प्रोसेसरवर पाणी खेळवलेली धातूची पट्टी (कोल्ड प्लेट) आणि मेमरी, डिस्क वगैरेंना पंखे, अशी वाटणी असते. रचना उत्तमच आहे.

पण आपल्याकडे कापूस आहे. दिवाळीनंतर जिनिंग सुरू झालं की रुईचे तंतू घराघरात उडतात. रेडिएटरच्या पात्या बारीक आणि दाट. पंखा खोलला की आत करडा थर दिसतो. नखाने एक टोक उचललं तर अख्खा थर नमद्यासारखा सुटून हातात येतो. बाहेरून पंखा छान फिरत असतो, त्यामुळे कोणाला संशयही येत नाही. टॉवर कूलर ब्रशने घरीच साफ होतो, त्याचा पंखा गेला तर यवतमाळात दुसरा मिळेल. हायब्रिडचा पाणी फिरवणारा पंप गेला की बहुतेक वेळा अख्खं युनिटच बदलावं लागतं, आणि ऐन लग्नसराईत ते पार्सल येईपर्यंत तुमचं काम ठप्प.

म्हणून आधी बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) ६५ वॉटचा इको मोड लावा, म्हणजे प्रोसेसर कमी वीज घेईल. एक्सपोर्टला थोडा वेळ जास्त लागेल, पण तापमान चांगलंच उतरेल. मग दोन टॉवरचा चांगला एअर कूलर. मे महिन्यात हवा कोरडी असते, तेव्हा खोलीतला ताट्यांचा कूलर कामाचा आहे. खिडकी उघडी ठेवा आणि त्याचा झोत थेट कॅबिनेटवर घेऊ नका, तुषारांतले क्षार बोर्डावर बसतात. पावसाळा लागला, हवा दमट झाली की त्याचा उपयोग उरत नाही.

पुढे कधी १७० वॉटचा प्रोसेसर घेतलात आणि दिवसभर रेंडर चालणार असेल, तर ३६० मिमी रेडिएटरचा हायब्रिड जरूर घ्या, महिन्याला जाळी साफ करायची तयारी ठेवून.

तुमच्या कॅबिनेटला पुढून जाळी आहे की काच? काच असेल तर ती काढून एक एक्सपोर्ट चालवा आणि तापमानात किती फरक पडला ते इथे लिहा.