माझं वजन १२८ किलो आहे. म्हापसा-पणजी ये-जा करायला कोणती इलेक्ट्रिक सायकल घ्यावी?

तुम्ही लिहिलंय की रोज म्हापशाहून पणजीला कामाला जायचं आहे, पाठीवर लॅपटॉपची बॅग असते, आणि दुकानदार म्हणतो, '२५० वॅटची मोटर तुम्हाला ओढणार नाही.' मोटर ओढेल. आधी मोडेल ते मागचं चाक. म्हणून निवड मागच्या चाकापासून सुरू करा आणि मोटरचे वॅट सगळ्यात शेवटी बघा. आणि 'आधी वजन कमी करा, मग सायकल घ्या' असं कुणी सांगितलं तर ते मनावर घेऊ नका. १२८ किलोला व्यवस्थित पेलणारी सायकल बनवता येते, फक्त ती नीट पारखून घ्यावी लागते.

पहिली फसगत कागदावरच होते. माहितीपत्रकात कधी स्वाराचं कमाल वजन दिलेलं असतं, तर कधी सायकल, बॅटरी, स्वार आणि सामान मिळून एकूण वजन. तुमचे १२८, बॅगेचे ५ आणि सायकलचे साधारण २७ धरले तर बेरीज १६० होते. पत्रकावर 'एकूण १५०' लिहिलं असेल तर तो आकडा १२८पेक्षा मोठा दिसतो, पण ती सायकल तुमच्यासाठी नाही. तुम्हाला एकूण १८० किलोची, किंवा स्वार आणि सामान मिळून १५० किलोची लेखी मर्यादा हवी. काउंटरवरच्या 'हो हो, चालते'चा उपयोग नाही, कारण फ्रेमला तडा गेल्यावर वॉरंटीसाठी लेखी आकडाच बघितला जातो.

आता मागचं चाक. स्वार बसल्यावर एकूण वजनाचा साधारण ६० ते ६५ टक्के भार मागे जातो, म्हणजे तुमच्या बाबतीत १०० किलोच्या आसपास. चाक फिरताना खालच्या बाजूच्या तारा प्रत्येक फेऱ्यात थोड्या सैल होतात आणि वर येताना पुन्हा ताणल्या जातात. मुळात ताण कमी असेल तर ही सैल-ताण जास्त होते आणि तार हबजवळच्या (चाकाच्या मधल्या भागाजवळच्या) वाकात थकून तुटते. एक तुटली की शेजारच्यांवर भार येतो, आणि मग आठवड्याला एक तुटायला लागते. म्हणून ३६ तारांचं चाक, डबल वॉल (दुहेरी भिंतीची) रिम आणि १३ गेजच्या (२.३ मिमी) तारा मागा. नेहमीच्या तारा १४ गेजच्या, म्हणजे २ मिमीच्या असतात. पहिल्या १५०-२०० किलोमीटरनंतर चाकाचा आऊट (डगमग) काढून सगळ्या तारा पुन्हा ताणून घ्याच. हे एक काम चुकवल्यामुळे चांगली चाकंसुद्धा वाया जातात.

टायर २.२ ते २.४ इंच रुंद घ्या. कमाल दाब टायरच्या कडेला छापलेला असतो, कमाल भारही बहुतेक ठिकाणी असतो, दोन्ही वाचा. या रुंदीत मागे ४५-५० पीएसआय आणि पुढे ३५-४० ठेवा, अर्थात छापील मर्यादेच्या आत. दर आठवड्याला दाब तपासा. हवा कमी असली की खड्ड्यात ट्यूब रिमखाली चेपते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. तसं पंक्चर दिसलं तर काटा शोधत बसू नका, दोष हवेचा आहे.

मोटरचा हिशेब चढावर लागतो. सपाटीवर ताशी २० किमी वेगाने जायला पाय आणि मोटर मिळून १४० वॅटच्या आसपास लागतील, तिथे वजनाचा फारसा त्रास नाही. पण १६० किलो घेऊन ६ टक्के चढ १२ च्या वेगाने चढायला साधारण ३७० वॅट लागतात. ७५ किलोच्या माणसाला तिथेच २५० पुरतात. ३७० पैकी १०० तुमच्या पायांचे, उरलेले मोटरचे. २५० ही सतत देण्याची ताकद आहे, थोडा वेळ मोटर त्याहून जास्त देते. अडचण उष्णतेची आहे. चाकात बसवलेली हब मोटर वेग १०च्या खाली गेला की बॅटरीतली बरीच वीज ढकलण्याऐवजी तापण्यात घालवते, आणि गिअरवाल्या हब मोटरमधले नायलॉनचे दाते त्यातच मऊ होऊन झिजतात.

म्हणून टॉर्क (मोटरचा फिरवण्याचा जोर) विचारा, आणि चाकाचा व्याससुद्धा. ४० न्यूटन मीटरची हब मोटर २७.५ इंची चाकावर साधारण ११८ न्यूटन ढकल देते; तीच मोटर २० इंची चाकावर १६० देते. १० टक्के चढाला तुम्हाला १७० लागतात, त्यातले ३५ पायांचे. मोठ्या चाकावर ही बेरीज कमी पडते, लहान चाकावर पुरते. त्यामुळे सामान वाहण्यासाठी बनवलेली, २० इंची चाकांची पण न दुमडणारी सायकल मला तुमच्यासाठी फार योग्य वाटते: चाक लहान म्हणून मजबूत, आणि चढावर जोरही जास्त. दुमडणारी मात्र टाळा, बिजागरीवरच सगळा भार येतो. बजेट असेल तर पेडलजवळची मिड मोटर घ्या, ७० न्यूटन मीटरच्या वरची. ती गिअर वापरून चढते, म्हणून कमी तापते. पण त्यात चेन लवकर झिजते, हेही धरून चला. गिअर बघताना पुढचं चक्र ३८ दात्यांचं आणि मागचं सगळ्यात मोठं ३४ दात्यांचं असेल तर मोठ्या चाकावरही ९ च्या वेगाने पेडल आरामात फिरतं. ४४-२८ असेल तर तोच पाय १२ च्या वेगाखाली जड होतो.

७५० वॅटचं किट बसवून घ्यावंसं वाटेल. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे मोटरची ३० मिनिटांची ताकद २५० वॅटच्या आत हवी, मोटरची मदत ताशी २५ किमी वेगाला तुटायला हवी आणि बॅटरी सोडून सायकल ६० किलोच्या आत हवी. तरच ती सायकल ठरते. त्यापुढे नोंदणी, लायसन्स, विमा सगळं आलं.

बॅटरी व्होल्ट आणि अँपिअर-तास गुणून बघा. ये-जा २६ किलोमीटर धरा, चढासकट तुमच्या वजनाला किलोमीटरला १५ वॅट-तास, म्हणजे ३९०. वीस टक्के शिल्लक आणि काही वर्षांनी होणारी वीस टक्के घट धरली तर ६१० होतात: ३६ व्होल्ट १७ अँपिअर-तास, किंवा ४८ व्होल्ट १३. बाजारात सर्रास दिसणारी ३६ व्होल्ट ७.८ची बॅटरी २८० वॅट-तासांची असते. ती घेतलीत तर ऑफिसमध्ये चार्जर ठेवावाच लागेल.

ब्रेक हायड्रॉलिक डिस्क, निदान पुढची डिस्क १८० मिमी. पर्वरीहून मांडवीकडे उतरताना तुमची सायकल ७५ किलोच्या स्वारापेक्षा दीडपट उष्णता ब्रेकमध्ये ओतते. एकसारखा दाबून धरू नका, दाबा-सोडा. स्वस्त स्प्रिंगचा पुढचा फोर्क तुमच्या वजनाने तळाला टेकतो आणि ब्रेक लावताना पुढे झुकतो, त्यापेक्षा साधा स्टीलचा फोर्क बरा. सीटची दांडी ३०.९ किंवा ३१.६ मिमी जाडीची, आणि किमान खुणेपर्यंत आत.

चाचणीला बॅटरी अर्धी असताना जा, बॅग पाठीवर घेऊन. दुकानासमोर चक्कर नको, खरा चढ चढा. वर पोचल्यावर मोटरवर तळहात ठेवा. तीन सेकंदही ठेववत नसेल तर ती मोटर तुम्हाला कमी पडते. चढावर बॅटरीच्या दोन कांड्या गायब होऊन सपाटीवर परत आल्या तर बॅटरी करंट द्यायला अपुरी आहे. मग मागच्या तारा जोडीजोडीने दाबून बघा, सगळ्यांचा ताण सारखा लागला पाहिजे.

पावसाळ्यासाठी डिस्प्ले आणि कनेक्टर किमान आयपी ६५ (धूळ आणि पाण्याच्या फवाऱ्यापासून संरक्षणाचा दर्जा) असावेत. खाऱ्या हवेत पिना हिरव्या पडतात, दर दोन महिन्यांनी डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणारं) ग्रीस लावा. प्रेशर पंपाने धुऊ नका. ओल्या सायकलची बॅटरी काढून कोरडी करा, अर्धा तास गार होऊ द्या, मगच चार्जिंगला लावा. मांडवीवरच्या अटल सेतूवर दुचाकींना मनाई आहे, त्यामुळे मांडवीच्या जुन्या पुलाने किंवा बेतीच्या फेरीबोटीने जावं लागेल. ओहोटीला फेरीचा उतार शेवाळाने निसरडा असतो आणि १६० किलो एकदा घसरायला लागले की ब्रेक थांबवत नाहीत. तिथे उतरून, सायकल हातात धरून चला.