फ्लीट फॉक्सेस आवडतात, मग पुढे कोणाला ऐकायचं?

तुम्ही लिहिलंय की फ्लीट फॉक्सेस या अमेरिकन फोक बँडने वेड लावलंय, पण ॲप 'यांच्यासारखे' म्हणून जे सुचवतं त्यात मन रमत नाही. माझंही बरीच वर्षं तेच व्हायचं. ॲपच्या लेखी हळू गिटार आणि उदास आवाज म्हणजे सगळं एकच.

आधी एवढंच शोधा, तुम्हाला त्यांच्यात नेमकं काय धरून ठेवतं? मला ते गणेश चवथीच्या दिवसांत कळलं. आमच्याकडे गोव्यात फोंड्याला घुमट आरती असते, घुमट म्हणजे चामडं ताणलेलं मातीचं मडकं. उजवा हात चामड्यावर पडतो, डावा हात घुमटाच्या मागच्या लहान तोंडावर उघडझाप करतो, त्यामुळे नाद भरतो आणि रिकामा होतो. सोबत शामेळ हा ढोल आणि कासाळें म्हणजे झांजा. एक जण ओळ सोडतो आणि दहा-बारा गळे ती उचलतात. त्या रात्री हेडफोन लावून फ्लीट फॉक्सेस ऐकले तेव्हा लक्षात आलं, मला गिटार नको होती, गळे हवे होते.

तुमचंही तसंच असेल तर फर्स्ट एड किट ऐका. क्लारा आणि योहाना सोडरबर्ग या स्वीडनच्या दोघी बहिणी. २००८ मध्ये फ्लीट फॉक्सेसचंच एक गाणं रानात बसून गायल्या, यूट्यूबवर टाकलं आणि लोकांना माहीत झाल्या. आवडत्या बँडचं गाणं कोणी कोणी गायलंय हे शोधणं ही माझी सगळ्यात भरवशाची वाट आहे.

दुसरी वाट म्हणजे माणसांचा माग. फ्लीट फॉक्सेसचा जुना ड्रमर जॉश टिलमन २०१२ पासून फादर जॉन मिस्टी या नावाने गातो, पण तिथे शब्द पुढे, गळ्यांची गुंफण मागे. फ्लीट फॉक्सेसच्या पहिल्या अल्बमचा निर्माता फिल एक (Phil Ek), त्यानेच बँड ऑफ हॉर्सेस या बँडचे पहिले दोन अल्बम केले.

मग मागे जा. इंग्लंडमध्ये निर्माता जो बॉइडने १९६९ मध्ये गायक निक ड्रेकचा पहिला अल्बम काढला, १९७० मध्ये गायिका वाश्टी बन्यनचा. बन्यनचा अल्बम तेव्हा फारसा खपलाच नाही, तिने गाणं सोडलं. २००० मध्ये तो पुन्हा निघाला, नव्या पिढीने उचलून धरला आणि २००५ मध्ये तिचा दुसरा अल्बम आला. पस्तीस वर्षांनी! तिचा तो कुजबुजल्यासारखा आवाज ऐकताना हे आठवलं की माझ्या अंगावर अजून काटा येतो.

आपल्याकडे कोचीचा व्हेन चाय मेट टोस्ट हा बँड जरूर ऐका, बँजोसकट. शब्दांसाठी गायक प्रतीक कुहाड.

आणि गोव्यात राहता, तर मांडो, म्हणजे इथली जुनी कोंकणी गाणी, सोडू नका. दोन आवाज जोडीने चालतात, खाली घुमट, वर व्हायोलिन. पहिल्यांदा ऐकाल तेव्हा वरच्या आवाजाकडे कान जाईल. दुसऱ्यांदा फक्त खालचा आवाज धरून ठेवा, शेवटपर्यंत सोडू नका. मग लगेच फ्लीट फॉक्सेस लावा आणि तिथेही खालचाच आवाज शोधा. काय सापडलं ते इथे नक्की लिहा, पुढची नावं त्यावरून सुचवतो.