इटलीत ऑपेरा गायन शिकायचंय? आधी ब्रेल स्वरलिपी

तुमचा प्रश्न असा: दृष्टी नाही, पुण्यात आठ वर्षं ख्याल शिकलात, मराठी ब्रेल येतं आणि आता इटलीतल्या कॉन्झर्वातोरिओत, म्हणजे संगीत महाविद्यालयात, ऑपेरा गायनाला प्रवेश घ्यायचाय, तर तयारी कुठून सुरू करावी? ब्रेल स्वरलिपीपासून, आणि निघायच्या निदान वर्षभर आधी. गळ्याकडे गुरू बघतील, पण बोटांनी स्वर वाचता आले नाहीत तर सोल्फेज्जोत, म्हणजे स्वरलिपी पाहून स्वरांची नावं म्हणण्याच्या विषयात, गाडी अडते.

टिंबं तीच सहा. १, २, ४, ५ ही वरची चार स्वर सांगतात. ३ आणि ६ त्याची लांबी. १-४-५ म्हणजे अर्ध्या मात्रेचा 'दो', म्हणजे पाश्चात्त्य स्वरांतला पहिला. त्यात ६ आलं की एक मात्रा, ३ आलं की दोन, दोन्ही आली की चार.

आता ख्यालवाल्यांची हमखास चूक. आपला 'सा' काळी ४ वर धरा नाहीतर पांढरी ५ वर, तो 'सा'च. इथला 'दो' मात्र कायम पेटीची पांढरी १. त्यामुळे 'सोल' (पांढरी ५) आधारस्वर असलेल्या धड्यातही जिभेवर 'दो' येतं आणि पुढची सगळी नावं घसरतात. शिवाय सोल्फेज्जो आधी नुसता बोलायचा असतो: स्वरांची नावं लयीत म्हणायची आणि हाताने ताल द्यायचा. म्हणजे वाचायला एकच हात उरतो. दोन्ही हातांनी वाचायची सवय असेल तर लय तुटते, म्हणून रोज वीस मिनिटं फक्त डाव्या हाताने वाचा, उजव्याने ताल धरा.

डोळस विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या चाव्यांमध्ये, म्हणजे क्लेफमध्ये, वाचावं लागतं. ब्रेलमध्ये स्वराआधी सप्तकाचं चिन्ह येतं, त्यामुळे ती परीक्षा तुमच्यासाठी निरर्थक आहे. तिच्याऐवजी पर्यायी परीक्षा, 'प्रोवे एक्विपोलेंती', आणि जादा वेळ अर्जासोबतच लेखी मागा. १९९२ चा कायदा १०४ आणि १९९९ चा कायदा १७ या दिव्यांगांविषयीच्या इटालियन कायद्यांचा उल्लेख करा. आयत्या वेळी तोंडी सांगितलं तर परीक्षकांच्या हातात काही नसतं.

स्कॅन केलेली पीडीएफ स्वरलिपी स्क्रीन रीडरला नुसतं चित्र वाटते. म्युझिकएक्सएमएल, म्हणजे संगणकाला वाचता येणारी स्वरलिपीची फाइल मागा; ती म्यूजस्कोर या स्वरलिपीच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली की ब्रेल मिळतं. छापील ब्रेलसाठी मोंझाचं 'रेजिना मार्गेरिता' हे अंधांचं ग्रंथालय आहे. नवीन लिप्यंतराला महिने लागू शकतात, तेव्हा गाणी लवकर ठरवा. शब्दांची ओळ वर, स्वरांची खाली असते. आधी शब्द, मग स्वर, असं थोडं थोडं पाठ करत जा. रेकॉर्डिंग ऐकून बसवू नका. त्या गायकाचा श्वास आणि स्वरलिपीत नसलेले ताणलेले स्वरही गळ्यात बसतात, आणि ते काढणं फार कठीण.

उच्चारांत मराठी मोठी साथ देते. इटालियन 'त', 'द' आपल्यासारखेच दंत्य. 'ग्रात्सिए'मधला 'त्स' म्हणजे 'चाक'मधला च, आणि 'मेद्झो'मधला 'द्झ' म्हणजे 'जाळं'मधला ज. दुहेरी व्यंजनांवर मात्र पूर्ण थांबा: 'पाला' म्हणजे फावडं, 'पाल्ला' म्हणजे चेंडू.

कागदपत्रांचं थोडक्यात: युनिव्हर्सिटाली या इटलीच्या सरकारी संकेतस्थळावर पूर्वनोंदणी, मग डी प्रकारचा, म्हणजे दीर्घ मुदतीचा, विद्यार्थी व्हिसा. दिव्यांग प्रमाणपत्राचं अपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणूनचं सरकारी प्रमाणीकरण) आणि इटालियन भाषांतर भारतातूनच करून आणा. पोचल्यावर कामाच्या ८ दिवसांत पोस्टातून निवास परवान्याचा अर्ज भरा. तो फॉर्म कागदी असतो, आणि त्यातले रकाने हाताने भरावे लागतात, म्हणून त्या दिवसासाठी इटालियन वाचणारा डोळस माणूस आधीच ठरवून ठेवा.