क्रिस्टल रेड की चेरी? आधी पाण्याचं तापमान बघा

क्रिस्टल रेड आणि चेरी हे टाकीत पाळायच्या छोट्या कोळंबीचे (श्रिम्पचे) दोन प्रकार. मुंबईत क्रिस्टल रेड श्रिम्प हातचे जातात ते बहुतेक उष्णतेने. त्यांना 22 ते 24 अंश लागतात. मे महिन्यात आपल्याकडे टाकीचं पाणी सहज 30 वर जातं. पाण्यावर पंखा लावला की थोडा फरक पडतो, पण इथल्या दमट हवेत बाष्पीभवनच कमी, म्हणून तेवढ्याने भागत नाही. चिलरचा (पाणी थंड करणाऱ्या यंत्राचा) खर्च झेपणार नसेल तर सरळ चेरी घ्या. 28 पर्यंत त्यांची तक्रार नसते.

चेरीला 40 लिटरची टाकी, एअर पंपावर चालणारा स्पंज फिल्टर आणि जावा मॉस ही शेवाळासारखी पाणवनस्पती पुरे. नळाचं पाणी डीक्लोरिनेटर (क्लोरीन घालवणारं द्रावण) घालूनच वापरा. आपलं तलावांचं पाणी मऊ असतं, तेव्हा जीएच (पाण्याचा कठीणपणा) मोजा: 6 ते 8 हवा. कमी असेल तर श्रिम्पचे मिनरल घाला, नाहीतर कात टाकताना अडकून मरतात.

चिमूटभर खाद्य टाकत टाकी चार ते सहा आठवडे श्रिम्पविना चालवा, म्हणजे घाण पचवणारे जिवाणू फिल्टरात तयार होतात. अमोनिया, नायट्राइट ही घाणीतून होणारी विषं शून्यावर आली की दहा श्रिम्प आणा. क्रॉफर्ड मार्केटातली पिशवी थेट ओतू नका. श्रिम्प पिशवीतल्या पाण्यासकट भांड्यात घ्या आणि नळीला गाठ मारून टाकीचं पाणी त्यात सोडा: सेकंदाला एक-दोन थेंब, दोन तास. कंटाळवाणं आहे, पण टाळू नका.

उडालेल्या पाण्याच्या जागी आरओचंच भरा, नळाच्याने क्षार साचतात. तांबं असलेली माशांची औषधं वर्ज्य. आणि सोसायटीत पेस्ट कंट्रोल असेल तेव्हा टाकी झाकून एअर पंप तासभर बंद ठेवा. तो खोलीतली फवारलेली हवाच पाण्यात ढकलतो.