पॅथॉलॉजी म्युझियममधले अवयव खरे असतात का, आणि ते अजून का जपायचे?

तुमची मुलगी एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पॅथॉलॉजीच्या म्युझियममधून आली आणि त्या रात्री जेवली नाही. बरण्यांतले अवयव खरे असतात का, कुणाचे असतात आणि मोबाइलवर थ्रीडी चित्रं दिसत असताना ते ठेवतात तरी कशाला, असं तुम्ही विचारलंय. मी पॅथॉलॉजी शिकवते, आणि आमच्या कॉलेजातल्या म्युझियमची जबाबदारी गेली नऊ वर्षं माझ्याकडे आहे, म्हणून उत्तर देते.

हो, खरे असतात. बहुतेक ऑपरेशनमध्ये काढलेले असतात. किडनी, गर्भाशय, आतड्याचा तुकडा असं काहीही काढलं की ते तपासणीला आमच्याकडे येतं. रिपोर्ट गेल्यावर उरलेला भाग नियमाप्रमाणे नष्ट करतात. त्यातलं एखादं शिकवण्याजोगं निघालं तर ते म्युझियमसाठी बाजूला काढतात. काही स्पेसिमेन शवविच्छेदनातून आलेली असतात. देहदानाचं शरीर वेगळं, ते शरीररचनाशास्त्र विभागात जातं. जारवर माणसाचं नाव नसतं, फक्त नंबर असतो. रजिस्टरात त्या नंबरापुढे वय, स्त्री की पुरुष, तक्रार काय होती आणि निदान काय झालं एवढंच लिहिलेलं असतं. पहिल्याच दिवशी मुलांना सांगते, इथे फोटो काढायचा नाही आणि जारसमोर मोठ्याने हसायचं नाही.

आता तो अवयव वर्षानुवर्षं टिकतो कसा, ते सांगते. नुसत्या फॉर्मेलिनमध्ये ठेवला तर तो टिकतो, पण राखाडी पडतो. रंग गेला की आजाराची निम्मी ओळख गेली. १८९७च्या सुमाराला कार्ल काइझरलिंग या जर्मन डॉक्टरने तीन टप्प्यांची पद्धत काढली, ती थोड्याफार फरकाने आजही चालते. आधी फॉर्मेलिन आणि क्षारांच्या द्रावणात अवयव पक्का करायचा, मग ८० टक्के अल्कोहोलमध्ये थोडा वेळ बुडवायचा आणि शेवटी ग्लिसरीनच्या द्रावणात कायमचा ठेवायचा. अल्कोहोलमध्ये रंग परत येताना बघायला मला अजूनही आवडतं. मळकट तुकड्यावर हळूहळू लालसरपणा चढतो. त्याकडे लक्ष ठेवावं लागतं, कारण जास्त वेळ राहिला तर आलेला रंगही जातो. आमच्या लॅबमधले मामा तेव्हा जागचे हलत नाहीत. मेंदू तर तळाला टेकून चपटा होऊ नये म्हणून दोऱ्याने उलटा टांगून ठेवतात.

मोबाइलचं म्हणाल तर मीही तासाला थ्रीडी दाखवते. पण स्क्रीनवर सगळं एकाच आकाराचं दिसतं. मुठीएवढा ट्यूमर आणि वाटाण्याएवढी गाठ, दोन्ही स्क्रीन भरून. जारमध्ये मात्र आजार त्याच्या खऱ्या आकारात समोर येतो.

आमच्याकडे खिडकीजवळच्या फळीवर दोन जार शेजारी शेजारी ठेवलेत. दोन्हींमध्ये लहान आतड्याचा शेवटचा भाग उघडून पसरलाय. पहिल्यातले व्रण उभे आहेत, आतड्याच्या लांबीच्या दिशेने. तो टायफॉइड. दुसऱ्यातले आडवे, आतड्याला वेढा घालणारे. तो क्षयरोग. टायफॉइड आतड्यातल्या ‘पेयर’च्या पट्ट्यांना, म्हणजे रोगप्रतिकार करणाऱ्या पेशींच्या पुंजक्यांना, धरतो आणि ते पट्टे लांबीच्या दिशेने असतात. क्षयरोग लसिकावाहिन्यांच्या (लिंफ वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांच्या) वाटेने पसरतो आणि त्या आतड्याभोवती आडव्या फिरतात. त्यामुळे क्षयाचा व्रण भरून येताना आतडं आवळलं जातं, वाट अरुंद होते. टायफॉइडमध्ये ती भीती कमी, पण उपचार झाले नाहीत तर साधारण तिसऱ्या आठवड्यात आतड्याला भोक पडू शकतं. पुस्तकातल्या दोन ओळी मुलं महिन्याभरात विसरतात. हे दोन जार विसरलेला विद्यार्थी मी पाहिलेला नाही.

काही आजारांना खाण्याच्या वस्तूंची नावं दिलीत, ती युरोपातल्या डॉक्टरांनी दिली, पण आपल्या मुलांना ती पटकन कळतात. प्लीहेत अमायलॉइड नावाचं बिघडलेलं प्रथिन साचलं की कापलेल्या भागावर शिजलेल्या साबुदाण्यासारखे काचेरी दाणे दिसतात. हृदयाची उजवी बाजू थकून यकृतात रक्त तुंबलं की ते कापलेल्या जायफळासारखं दिसतं. दरवर्षी मी घरून एक जायफळ नेते आणि मुलांसमोर कापून जारशेजारी ठेवते.

जुने जार जपायचं माझं सगळ्यात मोठं कारण वेगळं आहे. ते पुन्हा बनवता येणार नाहीत. १९४८मध्ये टायफॉइडवर क्लोरॅम्फेनिकॉल आलं, त्याच्या आगेमागे क्षयावर स्ट्रेप्टोमायसिन आलं. औषध वेळेवर मिळालेला रुग्ण त्या अवस्थेला पोचतच नाही, आणि हे किती चांगलं आहे! शिकवण्यासाठीची शवविच्छेदनंही आता फार कमी होतात. म्हणजे आजार मोकाट सुटला तर काय करतो, हे दाखवणारे साक्षीदार तेवढेच उरलेत.

साक्षीदाराची चिठ्ठी मात्र जपली पाहिजे. मी रुजू होण्याआधी आमच्याकडे रंगकाम झालं, तेव्हा बऱ्याच जारांची लेबलं निघाली आणि रजिस्टरचा एक भाग भिजून गेला. एका लहानशा हृदयाची आजही काहीच माहिती नाही. वय नाही, तक्रार नाही. त्याच्यासमोर उभी राहिले की मला वाईट वाटतं.

अशा वेळी मला कॅनडातल्या डॉक्टर मॉड ॲबट आठवतात. बाई म्हणून माँट्रियलच्या मॅक्गिल विद्यापीठाने त्यांना वैद्यकीचं शिक्षण नाकारलं. त्या दुसरीकडे शिकून डॉक्टर झाल्या आणि १८९८मध्ये त्याच मॅक्गिलच्या म्युझियमचं काम त्यांच्याकडे आलं. तिथे त्यांना एक विचित्र हृदय सापडलं, दोनऐवजी जणू एकच मोठा खालचा कप्पा असलेलं. त्यांनी नामवंत डॉक्टर विल्यम ऑस्लर यांना विचारलं, जुने कागद धुंडाळले आणि ते डॉक्टर अँड्र्यू होम्स यांनी १८२४मध्ये लिहून ठेवलेल्या रुग्णाचं हृदय असल्याचं शोधून काढलं. ‘होम्स हार्ट’ म्हणून ते आजही ओळखलं जातं. तिथून त्या जन्मजात हृदयविकारांकडे वळल्या आणि १९३६मध्ये त्यांनी हजार रुग्णांच्या नोंदींचा ॲटलास काढला. चिठ्ठी हरवलेल्या एका जारपासून इथवर!

तुमच्या मुलीला पहिल्या दिवशी त्रास झाला, तो बहुतेकांना होतो. तिला एवढंच सांगा, पुढच्या वेळी एकटीने दुपारी जा, गर्दी नसते. लेबल आधी वाचू नकोस. आधी जारभोवती फिरून मागची बाजू बघ, कारण कापलेला भाग बऱ्याचदा तिकडे असतो. मग नंबर बघून रजिस्टर माग. न मिळालं तर मामांना विचार, त्यांना बरंच काही तोंडपाठ असतं.