एक पेशी मेली की शेजारच्याही मरतात का? कॅन्सरशी याचा संबंध काय?

मरतात, पण पेशीमृत्यूच्या प्रत्येक प्रकारात नाही. 'फेरॉप्टोसिस'मध्ये हे पसरणं ठळक दिसतं. सोलापुरात बीएस्सीच्या मुलांना हा भाग शिकवतो, म्हणून सांगतो. लोहामुळे पेशीच्या आवरणातली मेदद्रव्यं खवट होतात (शेंगदाण्याचं तेल होतं तशीच), आवरण फाटतं आणि तीच प्रक्रिया लगतच्या पेशीत सुरू होते. सिद्धेश्वराच्या यात्रेतल्या दारूकामात माळ पेटत जाते ना, तसं. प्रत्येक पेशी पुढचीला नव्याने पेटवते, त्यामुळे जोर ओसरत नाही. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात ही लाट मिनिटाला साधारण ५.५ मायक्रोमीटर वेगाने सरकताना मोजली गेली. अपॉप्टोसिस या पेशीमृत्यूच्या नेहमीच्या प्रकारात पेशी आवराआवर करून जाते, शेजाऱ्यांना सहसा झळ लागत नाही.

कॅन्सरच्या काही चिवट पेशी अपॉप्टोसिस चुकवतात, औषधांनाही दाद देत नाहीत. पण खवटपणा रोखणाऱ्या 'जीपीएक्स४' या विकरावर (एन्झाइमवर) त्या फार विसंबून असतात. ते बंद पाडलं तर गाठीत मरण पसरवता येईल, अशी आशा आहे. अडचण एवढीच, की हेच विकर निरोगी मूत्रपिंडालाही लागतं. आणि हो, यावरून लोहाच्या गोळ्या मनाने सुरू किंवा बंद करू नका.